ठिपकीच्या छातीतली रेष

प्रिय ताई,

काल फोनवर तू एकच गोष्ट विचारलीस आणि मी ती टाळून फोन ठेवला. बाबांना दोन दिवस ताप आहे, पाणी प्यायले की ठसका लागतो, आवाज ओला ओला येतो, असं तू सांगत होतीस. मी मध्येच तोडून म्हणालो, त्यांना आडवं असताना तोंडात काही घालू नकोस, उशा लावून ताठ बसव, आणि आजच्या आज दवाखान्यात नेऊन छातीचा फोटो काढून घे. तू म्हणालीस, "भिंगऱ्या, तुला रे हे कुणी शिकवलं?" मी म्हणालो, इथल्या मॅडमनी. आणि एक घोडा सुटलाय असं सांगून फोन बंद केला. ताई, घोडा वगैरे काही सुटला नव्हता. मी खुराकाच्या पोत्यावर बसून होतो.

फोनवर मला धड बोलता येत नाही, तुला माहीत आहे. दोन वाक्यं झाली की मी विनोद करतो, नाहीतर थाप मारतो. म्हणून लिहितोय. अक्षराला हसू नकोस. सातवीत शाळा सोडली तेव्हाच त्याची वाढ थांबली. घोड्यांची गाडी चालवणारा एक ड्रायव्हर आज तुमच्या बाजूने जातोय, त्याच्याकडे हे पत्र देणार आहे. परवापर्यंत तुझ्या हातात पडेल. तोवर फोटो निघालेला असेल, त्यात काय ते कळलेलंही असेल. मला ते अजून कळलेलं नाही. पण तुला सगळं पहिल्यापासून सांगतो, मध्ये कंटाळू नकोस.

घरी मी सांगत आलो की मी घोड्यांच्या दवाखान्यात 'मोठ्या हुद्द्यावर' आहे. हुद्दा म्हणजे घोडा धरणे. म्हणजे नुसता दोर धरायचा नाही. मॅडम घोड्याचा घसा बघतात तेव्हा एका नाकपुडीतून काळी लांब दुर्बीण आत घालतात. वेतासारखी लवचिक, टोकाला दिवा. माझ्या नाकात कुणी नुसतं बोट घातलं तर मी फटका मारीन, तर मग पाचशे किलोच्या जनावराचं काय होईल बघ. म्हणून आधी मानेत गुंगीचं इंजेक्शन. घोडा उभाच राहतो, पण मान खाली लोंबते, खालचा ओठ सैल पडतो, डोळे अर्धे मिटतात. मी डोकं खांद्यावर घेऊन उभा राहतो आणि पडद्यावर घशाच्या आतलं दिसतं. गुलाबी, ओलं, चकचकीत. मधोमध श्वासाच्या नळीचं दार, त्याला दोन बाजूंना दोन झडपा. श्वास घेतला की दोन्ही उघडायला पाहिजेत. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. आता मी मॅडमच्या आधी सांगतो, डावी उघडत नाहीये. त्या म्हणतात, "तूच बस माझ्या खुर्चीवर, मी घोडा धरते."

दहा दिवसांपूर्वी एक घोडी आली. अंगाने तपकिरी, कपाळावर बोटाएवढा पांढरा ठिपका, म्हणून मी तिला ठिपकी म्हणायला लागलो. पळताना तिच्या घशातून शिट्टीसारखा आवाज यायचा. आल्या आल्या तिने माझी बाही चावली आणि मग चावल्या जागी नाक घासलं, जशी काही माफीच मागतेय. दुर्बीण घातली तर एक झडप अर्धीच उघडत होती, एवढंच. त्यावर उपाय होता. तपासणी दहा मिनिटांत झाली. मॅडमनी हात धुतले आणि नेहमीचं सांगितलं. गुंगी उतरायला दोन तास. तोवर मुसकं तोंडावरच, गवताची काडीसुद्धा नाही. हा नियम इथे भिंतीवर लिहिलेला आहे आणि माझ्या कानावर रोज पडतो. चार वर्षं मी तो पाळला.

त्या दिवशी नाही पाळला. चाळीस मिनिटांत तिने मान वर केली. कान ताठ केले, शेजारच्या घोड्याला हाक दिली, मुसकं माझ्या छातीवर आपटायला लागली. मला वाटलं, जागी तर झाली. सकाळपासून उपाशी आहे. शिवाय मला तिथे उभं राहण्याचा कंटाळा आला होता, हे खरं सांगतो. माझा पाय कधी एका जागी ठरलाय? मी मुसकं काढलं, खिळ्याला टांगलं, दोन मुठी वाळलं गवत पुढ्यात टाकलं आणि पाणी आणायला गेलो, ते तिकडेच गप्पांत तासाहून जास्त रमलो. परत आलो तर ती मान लांब ताणून उभी होती. खोकत होती. दोन्ही नाकपुड्यांतून हिरवा फेस आणि चावलेलं गवत बाहेर येत होतं. ताई, ती माझ्याकडे बघत होती. जनावर असं बघतं तेव्हा आपल्याला काही सुचत नाही. मी तिचं नाक माझ्या सदऱ्याने पुसत राहिलो, जसं काही पुसलं की ते थांबणारच होतं.

मॅडम धावत आल्या. नळी घालून, पाणी सोडून त्यांनी अन्ननलिकेत अडकलेला बोळा धुऊन काढला. तासाभराने घोडी शांत झाली. मग त्यांनी विचारलं, मुसकं कसं निघालं. मी म्हणालो, "तिनंच दाराला घासून काढलं, आत्ताच, दोन तास होऊन गेल्यावर." मॅडमनी मान हलवली. दोन तास झाल्यावर म्हणजे पूर्ण जागी, गिळणं नीट चालू, घाईघाईने खाल्लं म्हणून अडकलं असेल, निघालं, संपलं. त्यांनी तिला दुसरं औषध दिलं नाही. तबेल्याचे म्हातारे मामा मागे खरारा करत होते. मॅडम गेल्यावर त्यांनी खिळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "काय रे, घोड्या हल्ली मुसकं काढून खिळ्याला टांगतात? पट्टासुद्धा गुंडाळून ठेवलाय. शिकलेली दिसते." मी हसलो. ते नाही हसले.

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी ठिपकीने खुराकाला तोंड लावलं नाही. अंग तापलेलं. नाकपुड्या फुगवून फुगवून श्वास, आणि श्वासाला वास, बंद डब्यात विसरलेल्या जेवणासारखा. मॅडमनी पुन्हा दुर्बीण घातली, या वेळी झडपांच्या पुढे, थेट श्वासाच्या नळीत. मी डोकं खांद्यावर धरून होतो आणि पडदा समोर होता. नळीच्या तळाला गवताचे बारीक हिरवे तुकडे, आणि त्यातून एक पिवळट ओघळ आत, खोल, छातीकडे गेलेला.  

मग छातीचा फोटो. माणसाची छाती एका फोटोत मावते, घोड्याला चार लागतात. एका बाजूला यंत्र, दुसऱ्या बाजूला लांब दांड्याला लावलेली प्लेट घेऊन मी, अंगावर शिशाचा जड एप्रन. माझं काम घोडीच्या कुशीकडे बघत राहायचं. कूस पूर्ण फुगली, श्वास आत भरला, की "हं" म्हणायचं, त्या क्षणी मॅडम बटण दाबतात. एरवी मी "हं" म्हणतो ते सिनेमात ॲक्शन म्हणतात तसं. त्या दिवशी माझ्या तोंडातून आवाजच फुटेना. तिची कूस पूर्ण फुगतच नव्हती. अर्धी फुगायची आणि थरथरून खाली यायची. मॅडम ओरडल्या, "अरे, सांग ना!" चारपैकी वरचे दोन फोटो काळे, स्वच्छ. खालचे दोन, हृदयाच्या पुढे आणि मागे, दूध सांडल्यासारखे.

तेवढ्यावर थांबलं नाही. सोनोग्राफी केली. बरगड्यांवरच्या केसांवर स्पिरिट ओतलं आणि दाढीच्या यंत्राएवढी ती वस्तू दोन बरगड्यांच्या मधून वरून खाली फिरवली. निरोगी घोड्यात पडद्यावर एक पांढरी रेष दिसते आणि श्वासाबरोबर ती सरकते, मागे-पुढे, मागे-पुढे. मॅडमनी मला पहिल्या वर्षी शिकवलं होतं की ही रेष म्हणजे फुफ्फुसाची कड, ती सरकतेय तोवर आपण निवांत. ठिपकीची रेष वर ठीक होती. खाली येता येता ती तुटक झाली, तुटलेल्या जागांतून पांढरे पट्टे खाली लोंबायला लागले, आणि कोपराच्या मागे तर रेषच नव्हती. काळं तळं होतं. त्या काळ्यात फुफ्फुसाचं टोक ओल्या फडक्यासारखं हलत होतं. मॅडम म्हणाल्या, "पाणी आहे. पण असं व्हायला नको होतं. ही तर जागी होती ना?"

तेव्हा मी सांगितलं. मामा तिथेच होते, घोडीच्या मालकाचा माणूस होता, सगळ्यांसमोर सांगितलं. मला वाटलं होतं मॅडम थोबाडीत मारतील. त्यांनी वही काढली आणि विचारलं, इंजेक्शननंतर किती मिनिटांनी, किती गवत, पाणी प्यायली का. लिहून घेतलं. मग इतक्या हळू आवाजात बोलल्या की मला खाली वाकून ऐकावं लागलं. म्हणाल्या, "चाळीस मिनिटं म्हटलं असतंस तर मी त्याच दिवशी नळीत बघितलं असतं. त्याच दिवशी औषध सुरू केलं असतं. तू गवत दिलंस ती चूक होती. पण दोन दिवस गेले ते तुझ्या खोटेपणात." मग पडद्यावर जुनं चित्र लावून मला दाखवलं. घास गिळताना श्वासाच्या दारावर एक झाकण बसतं. घसा बधिर असेल, गुंगीत असेल, नाहीतर आजाराने लुळा पडला असेल, तर ते झाकण वेळेवर बसत नाही. तोंड चावतं, डोळे उघडे असतात, बघणाऱ्याला वाटतं खातोय की नीट. पण घास छातीत जातो. "माणसांचंही असंच," त्या म्हणाल्या, "पक्षाघाताचा झटका आलेल्या माणसांचं तर फार."

ताई, हे वाक्य ऐकलं त्याला आज आठ दिवस झाले.

त्याआधी महिनाभर तू फोनवर सांगत होतीस की बाबांना हल्ली पाण्याचाही ठसका लागतो. मी काय म्हणालो आठवतंय? घाई करत असतील, म्हणालो. जन्मभर तोंडात टाचण्या धरून गिऱ्हाईकाशी गप्पा मारणारा शिंपी, त्याच्या घशात कधी एक टाचणी गेली नाही, पाण्याने काय होणार, म्हणालो. तू हसलीस. मॅडमचं ते वाक्य ऐकल्यावर मी त्याच दिवशी तुला फोन करायला हवा होता. मी केला पण, आणि तू म्हणालीस बाबा बरे आहेत, आज दोन घास जास्त जेवले. मी सुटकेचा निःश्वास सोडला आणि काही बोललो नाही. बरे आहेत म्हटल्यावर कशाला उगाच, असं स्वतःला समजावलं. रात्री झोप लागेना तरी समजावत राहिलो. काल तू ताप म्हणालीस, ओला आवाज म्हणालीस, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ते काळं तळं आलं.

ठिपकीचं विचारशील. छातीत नळी घालून रोज पाणी काढतात, बादलीत. पहिल्या दिवशीचं बघवलं नाही. मला कामावरून काढलेलं नाही, कारण तिला दुसरं कुणी धरलं तर ती उभी राहत नाही. मामा म्हणतात, "तुला ठेवलंय ते तिच्यासाठी, तुझ्यासाठी नव्हे, फुशारून जाऊ नकोस." आज सकाळी उजव्या बाजूला खालीसुद्धा रेष दिसली. तुटक, पण सरकत होती. डावी बाजू अजून काळीच आहे. मॅडम म्हणाल्या, आठवडा जाऊ दे, आत्ता मला विचारू नकोस. मी विचारत नाही. सकाळी तिच्या बरगड्यांवर स्पिरिट ओतलं की मी पडद्याकडे बघत नाही, आधी मॅडमच्या चेहऱ्याकडे बघतो.

आज सकाळपासून तुझे तीन फोन येऊन गेले. मी एकही उचलला नाही. फोन खुराकाच्या डब्याच्या झाकणावर थरथरत सरकतो आणि तुझं नाव दिसतं आणि मी त्याच्याकडे बघत उभा राहतो. दवाखान्यात नेलं असशील. फोटो हातात आला असेल. काळा आहे की पांढरा, एवढंच तुला सांगायचं असेल, आणि तेच मला ऐकवणार नाही. आणखी एक कारण आहे. काल शेवटी तू रडवेल्या आवाजात म्हणालीस, "मीच काहीतरी चुकीचं भरवत असेन रे, माझ्याच हाताला वळण नाही." ते ऐकल्यावर मी घोडा सुटल्याची थाप मारली.

आता तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर. हे मला मॅडमनी शिकवलं नाही. बाबांना झटक्यानंतर दवाखान्यातून घरी सोडलं त्या दिवशी तू औषधांच्या खिडकीपाशी रांगेत होतीस आणि मी चाकाच्या खुर्चीजवळ उभा होतो. सिस्टर आली. तिने मला सगळं करून दाखवलं, ताट हातात घेऊन. ताठ बसवायचं, हनुवटी खाली, पाणी पावडर घालून दाट करायचं, चमचाभरच, जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही, ठसका लागला तर लगेच घेऊन यायचं. तीनदा सांगितलं. मी "हो सिस्टर, हो सिस्टर" म्हणत होतो आणि तिच्या डोक्यावरच्या घड्याळाकडे बघत होतो, माझी परतीची बस तीनची होती. तिने एक कागद दिला, घरच्यांना वाचून दाखवा म्हणाली. मला वाचायला वेळ लागतो, तिच्यासमोर लाज वाटली, म्हणून घडी करून खिशात घातला. तू आलीस आणि विचारलंस, काय म्हणत होत्या? मी म्हणालो, काही नाही गं, विश्रांती द्या म्हणाल्या. तो कागद या पत्राला टाचून पाठवतोय. तो वाचशील तेव्हा तुला समजेल की दोन महिने तू बाबांना जे पाजलंस ते तू माझ्या भरवशावर पाजलंस. ड्रायव्हर दोनदा हॉर्न वाजवून गेला. पत्र त्याच्या हातात देणार, गाडी फाटकाबाहेर गेली की मग तुला फोन लावणार. आधी हेच सांगणार आहे. पण मी मला ओळखतो. फोनवर माझी जीभ पुन्हा वळली नाही, पुन्हा एखादा घोडा सुटला, तरी हे पत्र रस्त्याला लागलेलं असेल आणि मला ते मागे फिरवता येणार नाही. त्यासाठीच लिहिलं. फोटोत काही का निघेना, तुझ्या हातांना बोल लावू नकोस, ताई. कसं भरवायचं ते सिस्टरने मला सांगितलं होतं.

तुझाच, अजून म्हणू देणार असशील तर,
भिंगऱ्या